घरच्या नॅसवर एन्क्रिप्शन: अख्ख्या डिस्कला, फोल्डरला, की नुसत्या कागदपत्रांना?

नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फायली साठवणारी डिस्कची पेटी, नवा घेतला की एन्क्रिप्शनचा (डेटा किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा करण्याचा) प्रश्न व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरची साठवणीची जागा, तयार करतानाच समोर येतो: एक छोटा चौकोन, टिक करायची की नाही? बहुतेक जण ‘नंतर बघू’ म्हणून पुढे जातात आणि तिथेच अडकतात. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसची प्रणाली डीएसएम, तिच्या ७.२ आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आलेलं व्हॉल्यूम एन्क्रिप्शन भरलेल्या व्हॉल्यूमवर चढवता येत नाही. तो मोडून पुन्हा बांधावा लागतो. ट्रूनॅस या दुसऱ्या नॅस प्रणालीवर झेडएफएस या फाइलव्यवस्थेचं एन्क्रिप्शनही डेटासेट (तिथला साठवणीचा कप्पा) तयार करतानाच ठरतं. चार टीबी फोटो इकडून तिकडे हलवायचे नसतील, तर निर्णय डिस्क रिकामी असतानाच घ्यावा.

त्याआधी भीती नक्की कशाची आहे ते ठरवा. नॅसमध्ये कुणी नेटवरून घुसेल ही भीती असेल, तर डिस्कच्या एन्क्रिप्शनचा काही उपयोग नाही. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने क्यूनॅप कंपनीच्या हजारो नॅसवरच्या फायली ओलीस धरल्या. तिथे व्हॉल्यूम एन्क्रिप्टेड असता तरी फरक पडला नसता, कारण नॅस चालू असताना व्हॉल्यूम उघडाच असतो. त्यावरचे उपाय म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग (नेटवरून थेट नॅसपर्यंत येणारी वाट) बंद, अपडेट वेळेवर आणि एक बॅकअप नेटपासून तोडलेला.

एन्क्रिप्शनचा खरा उपयोग डिस्क घराबाहेर जाते तेव्हा. चोरीचा विचार सगळे करतात, वॉरंटीचा कुणी करत नाही. रेड १ या जोड-डिस्कच्या मांडणीतली एक डिस्क बंद पडली की ती सर्व्हिस सेंटरला द्यायची आणि बदली डिस्क घ्यायची, हा रिवाज आहे. रेड १ मध्ये प्रत्येक डिस्कवर सगळा डेटा पूर्ण असतो, आणि बंद पडलेली डिस्क पुसायची म्हटली तरी पुसता येत नाही. म्हणजे आधार, पॅन, आयटी रिटर्न, घराचं खरेदीखत, मुलांचे फोटो असं सगळं काउंटरवर सोडून यायचं. माझ्या मते एवढं एक कारण अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायला पुरेसं आहे.

अख्खी डिस्क: किल्ली कुठे ठेवता?

यात तीन रस्ते आहेत. सिनॉलॉजीचं व्हॉल्यूम एन्क्रिप्शन, ट्रूनॅसवरचं झेडएफएसचं, आणि ओपनमीडियाव्हॉल्ट ही नॅस प्रणाली किंवा साधं लिनक्स असेल तर त्यातलं लक्स हे डिस्क एन्क्रिप्शन. तिन्ही भक्कम आहेत. फरक पडतो तो नॅस पुन्हा सुरू झाल्यावर किल्ली कोण देतं यावर.

सिनॉलॉजीत किल्ली सहसा त्याच नॅसमधल्या ‘व्हॉल्ट’ नावाच्या किल्ल्यांच्या तिजोरीत राहते. पेटी उचलून नेणाऱ्याने वीज जोडली की व्हॉल्यूम आपोआप उघडतो. मध्ये उरतो फक्त लॉगिनचा पासवर्ड. घराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यातला हा प्रकार. हे टाळायचं तर किल्ली दुसऱ्या सिनॉलॉजी नॅसवर ठेवण्याची सोय आहे, पण घरात दोन नॅस किती जणांकडे असतात? ट्रूनॅसवर निवड आहे: ‘की’ ठेवली तर आपोआप उघडतं, पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) ठेवला तर दर वेळी हाताने टाकावा लागतो. लक्समध्येही तसंच.

हाताने टाकण्याची किंमत आपल्याकडे जास्त आहे, कारण वीज जाते. तुम्ही ऑफिसात, घरी आईबाबा, वीज गेली आणि आली. नॅस सुरू, पण कुलूपबंद. टीव्हीवर काही दिसेना म्हणून फोन येणार. इन्व्हर्टरवर घेतला तर हे बरंचसं टळतं. उरलेल्या वेळी टेलस्केलसारख्या व्हीपीएनमधून (घरच्या नेटवर्कपर्यंतची खाजगी वाट) दुरून पासफ्रेज टाकता येतो. त्यासाठी व्हीपीएन राउटरवर किंवा नॅसच्या उघड्या भागात हवा, कुलपाच्या आत नको.

लक्सची एक जमेची बाजू: लक्स २ मध्ये एका डिस्कला ३२ पर्यंत किल्ल्या देता येतात, त्यामुळे नवराबायकोचे पासफ्रेज वेगळे ठेवता येतात. धोका असा, की डिस्कच्या सुरुवातीचा छोटा हेडर (किल्ल्यांची माहिती ठेवणारा भाग) खराब झाला तर पासफ्रेज माहीत असूनही सगळं गेलं. हेडरची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवणं दोन मिनिटांचं काम आहे. झेडएफएसची मोठी सोय म्हणजे डेटा कुलूपबंद अवस्थेतच दुसऱ्या मशीनवर पाठवता येतो. मित्राच्या घरी बॅकअप ठेवायचा आणि त्याला किल्ली द्यायची नाही, हे तिथे सहज जमतं.

वेग कमी होईल ही भीती इंटेल-एएमडीच्या मशीनवर सोडून द्या. प्रोसेसरमध्ये एईएसच्या (एन्क्रिप्शनची प्रचलित पद्धत) खास सूचना असतील तर गिगाबिट नेटवर्कची सेकंदाला ११० एमबीची मर्यादाच आधी आड येते. अपवाद रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाचा: त्यात त्या सूचना नाहीत, पाय ५ मध्ये आहेत. जुन्या पायवर नॅस चालवत असाल तर लक्सचं साधन क्रिप्टसेटअप, त्याचा बेंचमार्क (वेगाची चाचणी) चालवून आकडा बघा, मग ठरवा.

फोल्डरचं एन्क्रिप्शन आणि मराठी नावं

सिनॉलॉजीत शेअर्ड फोल्डर एन्क्रिप्ट करण्याची जुनी सोयही आहे. ती नंतर चढवता येते, आणि किल्ली पेनड्राइव्हवर ठेवून तो काढून घेता येतो, हे व्हॉल्यूमपेक्षा सरस. पण ती ईक्रिप्टएफएस या फाइलगणिक एन्क्रिप्ट करणाऱ्या पद्धतीवर चालते आणि तिथे फाइलच्या नावाला १४३ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी नावांना हे पुरतं. देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त तीन-तीन बाइट खातो. ‘आजोबांच्या शेताचा सातबारा उतारा आणि फेरफार नोंद’ ही पीडीएफ १३३ बाइटची, म्हणजे जेमतेम बसते. पुढे ‘वारस दाखल्यासह’ जोडलं की १७४ होतात आणि फाइल आत जातच नाही. मराठी नावं लांबलचक ठेवण्याची सवय असेल तर हा पर्याय माझ्या यादीतून बाद.

फक्त मोजक्या फायली

तिसरा रस्ता: एन्क्रिप्शन लॅपटॉपवरच करायचं, नॅसला आत काय आहे ते कळूच द्यायचं नाही. नॅस हॅक झाला तरी चोराला वाचता येण्याजोगं काही मिळत नाही. पण मग नॅसलाही काही दिसत नाही: फोटोंचे थंबनेल नाहीत, शोध नाही, जेलीफिनमध्ये (नॅसवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं अ‍ॅप) सिनेमा नाही. म्हणून हे अख्ख्या नॅससाठी नाही.

इथे व्हेराक्रिप्ट आणि क्रिप्टोमेटर या दोन एन्क्रिप्शन अ‍ॅपांत मी डोळे झाकून क्रिप्टोमेटर घेईन. व्हेराक्रिप्टचा कंटेनर ही एकच मोठी फाइल असते. घरातल्या दोघांना ती नेटवर्कवरून एकाच वेळी लिहिण्यासाठी उघडता येत नाही. शिवाय आत बदल केला तरी कंटेनरची तारीख मुद्दाम जुनीच ठेवली जाते. सेटिंगमध्ये ते बदललं नाही तर तारीख बघून चालणारा बॅकअप त्याला ओलांडून पुढे जातो. क्रिप्टोमेटर प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतो, नावंही झाकतो, त्यामुळे बदललेली तेवढीच फाइल बॅकअपला जाते. फायलींची संख्या, अंदाजे आकार आणि तारखा मात्र बाहेरून दिसतात. संगणकावर तो मोफत आहे, मोबाइलवर पूर्ण वापराला पैसे पडतात.

नवा नॅस असेल तर मी दोन्ही एकत्र करेन: डिस्कला पूर्ण एन्क्रिप्शन, आणि कागदपत्रांपुरता एक क्रिप्टोमेटर व्हॉल्ट (त्याचं कुलूपबंद फोल्डर). आधीच भरलेला नॅस असेल तर व्हॉल्यूम मोडत बसू नका. नुसता व्हॉल्ट करा, आणि बंद पडलेली डिस्क वॉरंटीला न देता नवी विकत घ्यायची तयारी ठेवा.

बॅकअपचं वेगळं बघावं लागतं. नॅस बॅकअप काढतो तेव्हा व्हॉल्यूम उघडा असतो, त्यामुळे यूएसबी डिस्कवरची प्रत साधीच उतरते. सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअपमध्ये एन्क्रिप्शनची टिक वेगळी आहे आणि तीही टास्क तयार करतानाच लावावी लागते.

रिकव्हरी की (व्हॉल्यूम उघडायची राखीव किल्ली) छापून कपाटात ठेवा, शून्य आणि ओ ओळखू येतील अशा फॉन्टमध्ये. नॅसवर डेटा चढवण्याआधी व्हॉल्यूम एकदा कुलूपबंद करून त्या कागदावरूनच उघडून बघा. जमलं तर पुढच्या वेळी ते काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.