मरीन ड्राइव्ह की आमच्या तलावाची पाळ?

भाचा मुंबईला नोकरीला लागला, म्हणून दोन संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो. भरावाचं काम 1915 मध्ये सुरू झालं. समुद्र हटवून काढलेली साडेतीन किलोमीटरची वाट. लाटांचा मार झेलायला खाली चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. मागच्या गोल गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती 2018 मध्ये जागतिक वारसा झाल्या.

भंडाऱ्याकडची आमची पाळ मातीची. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी असे तलाव बांधले. पुढे मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली; ‘मालगुजारी तलाव’ हे नाव तेवढं राहिलं. इथे ‘फिरायला’ कोणी येत नाही. पहाटे ढिवर जाळं झटकतो, दुपारी म्हशी उतरतात, आणि धानाला पाणी कधी सोडायचं यावर भांडणं. कठडा नाही; सांडव्याचा दगड आहे, तोही शेवाळलेला. मागच्या पावसाळ्यात मी त्यावरून सपशेल आपटलो.

वारा तिकडचा चांगला, मान्य. पण दोन तासांत कोणी विचारलं नाही, ‘कोणाचा रे तू?’ भाचा म्हणाला, “मामाजी, तेच तर सुख आहे.” पाळीवर मला दहा पावलांत तीनदा थांबावं लागते.