लिटरमागे सोडियम किती? इलेक्ट्रोलाइट पावडर घेण्याआधीचा हिशेब

इलेक्ट्रोलाइट पावडर म्हणजे पाण्यात विरघळवून प्यायचे सोडियम, पोटॅशियम यांसारखे क्षार. तिच्या पाकिटावर ठळक अक्षरांत ‘१००० मि.ग्रॅ. सोडियम’ छापलेलं असतं, पण तो आकडा एका पाकिटाचा. तेच पाकीट अर्ध्या लिटरमध्ये विरघळवलं तर पाणी लिटरला २००० मि.ग्रॅ.चं होतं, एका लिटरमध्ये विरघळवलं तर १०००चं. चव कशी लागेल, पोटाला सोसेल का, उपयोग किती होईल, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून दोन पावडरी शेजारी ठेवायच्या तर आधी दोन्हींचं लिटरमागचं सोडियम काढा. युरोपात राहणाऱ्यांना आणखी एक पायरी आहे. तिथल्या लेबलवर बहुधा सोडियम न देता मीठ ग्रॅममध्ये दिलेलं असतं. त्या आकड्याला ४००ने गुणलं की सोडियमचे मि.ग्रॅ. मिळतात. सोडियम मिलिमोल (mmol) या एककात दिलं असेल तर २३ने गुणा.

| एका लिटरमध्ये | सोडियम (मि.ग्रॅ.) | पोटॅशियम (मि.ग्रॅ.) | साखर (ग्रॅ.) |
|---|---|---|---|
| जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) सूत्राचं ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचं साखर-मिठाचं द्रावण | १७२५ | ७८० | १३.५ (ग्लुकोज) |
| एलएमएनटी (LMNT) ब्रँडची पावडर, १ स्टिक (एका वेळेची पुडी) | १००० | २०० | ० |
| लिक्विड आय.व्ही. (Liquid I.V.) ब्रँडची पावडर, २ स्टिक | सुमारे १००० | सुमारे ७४० | सुमारे २२ |
| नून स्पोर्ट (Nuun), पाण्यात विरघळणाऱ्या २ गोळ्या | ६०० | ३०० | २ |
| गेटोरेड (तयार) | सुमारे ४५० | सुमारे १४० | सुमारे ६० |
| लिंबू सरबत: अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ, ६ सपाट चहाचे चमचे साखर | १००० ते १२०० | नगण्य | २५ ते ३० |

चव आणि देश बदलला की हे आकडे थोडे हलतात, तेव्हा शेवटी हातातल्या पाकिटावरचं लेबल खरं मानायचं.

रोज प्यायला यातलं कोणतं? बहुतेकांसाठी उत्तर आहे, कोणतंच नाही. डब्ल्यूएचओच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला २००० मि.ग्रॅ.पेक्षा कमी सोडियम जावं, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. एलएमएनटीची एक स्टिक त्यातला निम्मा वाटा घेते. आमटी, भाजी, चटणी आणि वर लोणचं-पापड असं ताट असेल तर ही मर्यादा बहुधा जेवणातच ओलांडलेली असते. एसीत बसून काम करणाऱ्याला किंवा सकाळी तासभर चालून येणाऱ्याला साधं पाणी पुरतं. दिवसभर लघवी फिकट पिवळी असली म्हणजे झालं. अशा माणसाने ‘उठल्याबरोबर एक स्टिक’ ही सवय लावून घेऊ नये. जास्तीचं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, आणि रक्तदाब चढण्याकडे कल असेल तर तो चढतो.

कहाणी बदलते ती घामाने. एक लिटर घामातून साधारण ९०० मि.ग्रॅ.च्या आसपास सोडियम जातं, पण माणसामाणसांत फरक प्रचंड आहे: कुणाचं २००, कुणाचं २०००. टोपीवर, शर्टाच्या पाठीवर पांढरे डाग उमटत असतील, घाम डोळ्यांत गेल्यावर फार चुरचुरत असेल, तर तुम्ही दुसऱ्या टोकाकडचे. घाम किती येतो हे मात्र घरच्या वजनकाट्यावर कळतं. व्यायामाआधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. घटलेलं वजन अधिक मधे प्यायलेलं पाणी म्हणजे घाम. एक किलो म्हणजे एक लिटर.

समजा, एप्रिलमध्ये सह्याद्रीत तीन तासांची चढण आहे आणि घाम तासाला ८०० मि.लि. येतो. एकूण २.४ लिटर, म्हणजे सोडियम गेलं सुमारे २१६० मि.ग्रॅ. सगळं वाटेतच भरून काढायची गरज नसते. निम्मं वाटेत, उरलेलं जेवणातून. म्हणजे लिटरला साधारण १००० मि.ग्रॅ. सोडियमचं एक लिटर खारं पाणी, बाकी साधं पाणी, आणि खाली उतरल्यावर पिठलं-भाकरी आणि ठेचा.

अशा दिवसांसाठी निवड कशी करायची? सलग दीड-दोन तासांहून जास्त धावायचं असेल तर साखर उपयोगाची असते. ती स्नायूंना इंधन देते, शिवाय लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहकावरून एकत्र शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. तिथे लिक्विड आय.व्ही. किंवा गेटोरेड बरं. गेटोरेडचं सोडियम खारट घामवाल्याला कमी पडतं, त्याची भर चिमूटभर मिठाने घालता येते.

पण चंद्रपूरच्या मे महिन्यात आठ तास बांधकामावर किंवा शेतात राबणाऱ्याचा हिशेब निराळा आहे. तो चार लिटर गेटोरेड प्यायला तर २४० ग्रॅम साखर पोटात जाईल. त्याला मीठ हवं, साखर जवळजवळ नको, आणि खिशाला परवडायलाही हवं. एलएमएनटीची स्टिक साधारण दीड डॉलरला पडते आणि तिच्यातला मुख्य घटक साधं मीठच आहे. एक लिटर पाण्यात अडीच ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण अर्धा सपाट चहाचा चमचा, आणि दोन लिंबं: सोडियमचा तोच १००० आकडा काही रुपयांत मिळतो. पाव लिटर पातळ ताकात एक ग्रॅम मीठ घातलं तर सुमारे ४०० मि.ग्रॅ. सोडियम, वर दह्यातलं थोडं पोटॅशियम. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्माघातविषयक सूचनांत ओआरएसच्या जोडीला ताक, लिंबूपाणी आणि भाताची पेज आहे, ते याचसाठी. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण सोडियम त्या मानाने थोडं. घामाची भरपाई एकट्या नारळपाण्याने होत नाही. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, सोडियमच्या हिशेबात साध्या मिठाहून वेगळं नाही.

पिठूळ पदार्थ जवळजवळ बंद करून लो-कार्ब आहार सुरू करणाऱ्यांना पहिल्या एक-दोन आठवड्यांत मीठ जास्त लागू शकतं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं सोडियम जास्त सोडतात. डोकं दुखणं, उठताना चक्कर येणं त्यातूनच. बिनसाखरेची स्टिक इथे शोभते. साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास यात मोडत नाही.

जुलाब-उलट्यांत मात्र पर्याय एकच, डब्ल्यूएचओ सूत्राचं ओआरएस. बिनसाखरेची स्टिक तिथे चालत नाही, कारण ग्लुकोज नसेल तर वर सांगितलेलं शोषण होत नाही. एका लिटरच्या सूत्रात मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं. लेबलवर हेच चार आकडे शोधा; इलेक्ट्रलच्या लिटरच्या पाकिटावर ते सापडतील. पूर्वी दुकानांत गोड पेयांच्या खोक्यांवरही ‘ओआरएस’ लिहिलेलं असे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेने अशा पेयांच्या नावांत तो शब्द वापरायला मनाई केली. घरात जुनं खोकं पडून असेल तर ते आजारी मुलाला देऊ नका.

ओआरएसमध्ये सर्वांत घातक चूक म्हणजे लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळणं. दाट द्रावण आतड्यात पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात, आणि लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक चढू शकतं. उरलेलं अर्धं पाकीट अंदाजाने पुन्हा वापरणंही नको. मिसळल्यावर उकळू नका, २४ तासांनी उरलेलं ओता. रोजचं पेय म्हणूनही ओआरएस नको: दोन लिटरमध्ये ३४५० मि.ग्रॅ. सोडियम होतं.

रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर सोडियमइतकंच पोटॅशियम बघा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं शरीरात पोटॅशियम साठवतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली एकही पावडर रोज घेऊ नका. ‘लो सोडियम’ मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं; घरगुती मिश्रणात ते वापरू नका.

‘इलेक्ट्रोलाइट घातलंय, मग कितीही प्या’ हेही चुकीचं. रक्तात सोडियम लिटरला सुमारे ३२०० मि.ग्रॅ. असतं, म्हणजे तक्त्यातलं सगळ्यात खारट पेयही रक्तापेक्षा फिकं. तहानेपेक्षा जास्त ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतंच. लांब शर्यतीनंतर वजन घटण्याऐवजी वाढलेलं असेल, बोटं सुजून अंगठी रुतत असेल, मळमळ आणि गोंधळल्यासारखं होत असेल, तर पाणी थांबवून थेट रुग्णालयात न्या.

पावडर पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्यात, ओल धरते. गोळ्यांच्या नळीच्या झाकणातली ओल शोषणारी पुडी काढू नका. फुगलेली, मऊ पडलेली गोळी नीट फसफसत नाही. बाटली प्लास्टिकची, काचेची किंवा चांगल्या स्टीलची घ्या. तांब्याची बाटली याला चालत नाही: लिंबू आणि मिठाने आपण तांब्याची भांडी घासतो, तेच मिश्रण चार तास आत राहिलं तर तांबं पाण्यात उतरतं आणि पोट ढवळतं.