राहुरीतला बाईंचा पेटीचा क्लास : बाई गेल्यानंतर मुलांना घालावं का?

बाई गेल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत की क्लास बंद झाला का, आणि चालू असेल तर मुलांना घालावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. क्लास चालू आहे. जागा तीच, बाईंच्या घराची पुढची खोली. शिकवतात त्यांच्या सूनबाई, ज्या स्वतः बाईंच्याच हाताखाली तयार झाल्या. मी लहानपणी तिथेच शिकले आणि आता माझी मुलगी जाते, त्यामुळे दोन्ही काळ बघून बोलतेय.

आधी बाईंबद्दल, कारण त्यांच्याशिवाय हा क्लास कळणार नाही. नव्वदी ओलांडली होती त्यांनी. आयुष्यभर मुलींच्या शाळेत संगीत शिकवलं, रिटायर झाल्यावर घरी क्लास सुरू केला, आणि चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला पेटीवर त्याच असायच्या, ताप असो नाहीतर पाऊस असो. नाताळच्या आधी गायन मंडळाची प्रॅक्टिस, उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तीन तासांची भक्ती, लग्नं, दफनविधी, सगळीकडे बाई. आमच्या घरी गणपती बसतो, तरी आरतीला पेटी धरायला बाई यायच्या आणि आईला म्हणायच्या, "सूर जरा खाली घेऊ का गं, बायकांना वर जात नाही."

हेच त्यांचं सगळं शिकवणं होतं. बाकीच्या क्लासात मुलाला सिनेमातलं गाणं बसवून देतात, गॅदरिंगला वाजवलं की आईबाप खूष. बाईंकडे पहिले कित्येक महिने नुसते अलंकार, म्हणजे सा रे ग म चे सरावाचे पलटे, आणि मग थेट संगत. म्हणजे दुसरं कोणीतरी गाणार आणि तुम्ही त्याच्या मागे राहणार. तो श्वास घेईल तिथे तुम्ही थांबायचं, तो चुकून अंतरा दोनदा म्हणाला तर तुम्हीही दोनदा वाजवायचा, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. मला तेव्हा याचा फार कंटाळा यायचा. आज भजनी मंडळात कोणीही कुठल्याही पट्टीत, म्हणजे सा कुठल्याही सुरावर धरून, सुरू करू दे, माझा हात आपोआप तिथे जातो, आणि हे मला दुसऱ्या कुठल्याच क्लासनं दिलं नसतं.

बाईंचं उपासना संगीताचं, म्हणजे चर्चमधल्या गीतांचं, पुस्तक ज्यांनी पाहिलंय त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल. प्रत्येक गीताच्या डोक्यावर पेन्सिलनं पट्टी लिहिलेली. कुठे पां. 4 (म्हणजे पांढरी चार), ते खोडून पां. 3, तेही खोडून का. 2 (काळी दोन), म्हणजे दर वेळी थोडी खाली. मी एकदा विचारलं हे असं का, तर म्हणाल्या, मंडळी म्हातारी होतायत, वरचा सा लागत नाही त्यांचा. चर्चमध्ये बायका, पुरुष, पोरं सगळी एकत्र गातात, आणि बायकांची पट्टी वेगळी, पुरुषांची वेगळी, म्हणून मधली अशी पट्टी शोधावी लागते की कोणी गप्प बसू नये. त्या पुस्तकात सगळ्या मंडळीच्या आवाजाचा हिशोब आहे. सूनबाईंनी ते जपून ठेवलंय आणि मोठ्या मुलांना त्यावरूनच शिकवतात.

आणि राहुरीत हे सगळं व्हावं यात मला तरी फार अर्थ वाटतो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक, काही वर्षं इथेच राहिले होते. टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले आणि त्यानंतर त्यांनी जी भजनं लिहिली ती आपल्या अभंग-ओवीच्या वळणाची, म्हणून ती पेटी-तबल्यावर इतकी सहज बसतात. बाई टिळकांचं गीत शिकवताना आधी शब्द वाचून घ्यायच्या, अर्थ विचारायच्या, मगच पेटीला हात लावू द्यायच्या. मुलगा कुठल्या धर्माचा हे कधी पाहिलं नाही, तुकोबांचा अभंगही त्याच मायेनं बसवून घेतला. अजून एक गोष्ट, बाई लहान होत्या तेव्हा रेडिओवर पेटी ऐकूच यायची नाही, 1940 ला ऑल इंडिया रेडिओनं बंदी घातली होती, तिच्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (दोन सुरांमधले बारीक सूर) सापडत नाहीत म्हणून, आणि ती उठायला 1971 उजाडलं, तेही हळूहळू. बाई म्हणायच्या, मींड निघत नाही हे खरंच आहे, म्हणून तर गाणाऱ्याला जागा सोडायची.

आता सध्याच्या क्लासबद्दल. सूनबाईंचा हात बाईंइतका हलका नाही, हे मान्य करावं लागेल, पण समजावून सांगणं जास्त चांगलं आहे. भात्याचं तंत्र त्या फार नीट शिकवतात. नवीन मुलं प्रत्येक स्वराला भाता मारतात आणि सूर हिसके देतो, तर त्या मुलाच्या मनगटावर स्वतःचा हात ठेवून सावकाश हवा भरायला लावतात, अगदी बाईंसारखंच. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची तयारी होते, प्रारंभिकपासून मध्यमापर्यंत, पण परीक्षेची घाई करत नाहीत. फी बाकीच्या क्लासपेक्षा कमी आहे आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडे मागत नाहीत, ही पद्धत बाईंपासूनची.

कमी काय म्हणाल तर खोली लहान, एका बॅचला मुलं जास्त होतात आणि पेट्या कमी, त्यामुळे लहान मुलांना वाट बघत बसावं लागतं. पावसाळ्यात जुन्या पेट्यांच्या बोटांनी दाबायच्या पट्ट्या फुगून अडकतात, त्या एकदा कारागिराला दाखवायलाच हव्यात. ऑनलाइन वगैरे काही नाही. कीबोर्ड किंवा सिनेमाची गाणीच शिकायची असतील तर इथे घालू नका, मूल कंटाळेल आणि तुम्हीही चिडाल. घरी पेटी घ्यायची असेल तर आधी सूनबाईंना विचारा, दुकानदार स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी) गळ्यात मारतात, सुरुवातीला साधी दोन लाइनची (आत सुरांच्या दोन ओळी असलेली) पेटी भरपूर झाली, आणि पट्टी बदलायला हातानंच शिकावं हे बाईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

माझ्याकडून पाच पैकी पाच. नवीन मुलं जूनमध्ये घेतात, अधेमधेही विचारून बघायला हरकत नाही. फोनपेक्षा संध्याकाळी स्वतः जाऊन भेटा, मुलाला सोबत न्या, सूनबाई सुरुवातीलाच त्याच्याकडून सा लावून घेतात. रविवारी सकाळी मात्र जाऊ नका, सगळे उपासनेला गेलेले असतात आणि पेटीवर आता सूनबाई असतात.