दोन नोडचं डीआरबीडी क्लस्टर: एक पावसाळा काढल्यावर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत दिवाळीपासून दोन नोडचं क्लस्टर चालू आहे, म्हणजे एक सर्व्हर पडला तर दुसऱ्यानं काम उचलायचं. खाली डीआरबीडी (एका सर्व्हरची डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्यावर जशीच्या तशी ठेवणारं), मधे पेसमेकर-कोरोसिंक (कोण जिवंत आहे ते बघून काम कुणी चालवायचं ते ठरवणारं), वर पोस्टग्रेस डेटाबेस आणि ईआरपी, म्हणजे कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर. सॅनसाठी मालकांनी पैसे दिले नसते आणि मीही मागितले नसते. सॅन म्हणजे दोन्ही सर्व्हरना मिळून पुन्हा एकच डिस्कची पेटी, ती बसली की दोन्ही सर्व्हर नुसते शोभेला. डीआरबीडीत ज्याची त्याची डिस्क असते, आणि प्रोटोकॉल सी लावला की दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय ते 'झालं' म्हणत नाही. दोन सेकंडहँड सर्व्हर, एकेकच पॉवर सप्लाय, मधे थेट दहा गिगची केबल. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार आहे ती फेन्सिंगची (गप्प झालेल्या नोडला नक्की बंद पाडून मगच दुसऱ्यानं काम घेणं), आणि ती लांब आहे.

बसवून देणाऱ्यानं स्टोनिथ, म्हणजे हेच फेन्सिंग, बंद ठेवलं होतं. "दोनच तर नोड आहेत, कशाला पाहिजे?" वर कोरोसिंक आणि डीआरबीडी दोन्ही त्याच एका केबलवर. रॅक पुसताना केबल ढिली झाली आणि दोन्ही नोडना वाटलं, समोरचा गेला. दोघंही प्रायमरी (लिहिणारे), दोघांकडे तोच व्हर्च्युअल आयपी (ज्या पत्त्यावर सगळे जोडतात तो). काट्यावरच्या पावत्या एका सर्व्हरवर, डिस्पॅचची चलनं दुसऱ्यावर! या अशा स्प्लिट ब्रेनमधून सुटायचं तर एका बाजूचं लिखाण टाकून द्यावं लागतं. काट्याचे कागद शिल्लक होते म्हणून ती बाजू टाकली. काट्यावरच्या मामांनी संध्याकाळपर्यंत बसून सगळं पुन्हा भरलं, वर मला चार शब्द ऐकवले.

त्या वेळी माझं मत झालं होतं की डीआरबीडी आपल्यासारख्यांचं काम नव्हे. आता तसं म्हणणार नाही. कोरोसिंकला लॅनवरून दुसरी लिंक दिली, सर्व्हरच्या आयपीएमआयवरून (सर्व्हर लांबून बंद-चालू करणारा आतला छोटा कंट्रोलर) स्टोनिथ चालू केलं, डीआरबीडीला 'रिसोर्स-अँड-स्टोनिथ' लावलं (जोडी तुटली की समोरच्याचं फेन्सिंग होईपर्यंत लिखाण थांबवायचं), आणि पुढचे महिने आवाज नाही.

मग जुलै. पाऊस, लाईट ये-जा, आणि ए नोडचा यूपीएस मेला. ज्या प्रसंगासाठी हा सगळा खटाटोप, तोच. बी नोडनं ताबा घ्यायला पाहिजे होता. घेतला नाही. कारण सर्व्हरची वीज गेली की त्याच्या आयपीएमआयचीही जाते. बी विचारतोय 'ए बंद कर', पलीकडून उत्तर नाही. ए मेलाय की नुसता दिसेनासा झालाय हे बीला कळायला मार्ग नाही, म्हणून तो सेकंडरीच बसून पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. गेटवर माल भरलेल्या गाड्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत. शेवटी ए खरंच बंद आहे हे डोळ्यांनी बघून 'पीसीएस स्टोनिथ कन्फर्म' (ए बंद आहे, मी सांगतो) असा हुकूम दिला, आणि मिनिटभरात ईआरपी उभं राहिलं. बी वागला ते बरोबरच, स्प्लिट ब्रेन एकदा बघितलेला माणूस त्याला दोष देणार नाही. पण रात्रपाळीला मी नसतो. कन्फर्म कोण देणार, वॉचमन?

सर्व्हिसवाल्याला फोन केला. आधी म्हणाला, प्रत्यक्ष येणं एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बसत नाही. मग म्हणाला, नेटवर्कवाला पीडीयू (लांबून वीज तोडता येणारी प्लगपट्टी) घ्या, दोन घ्या. अहो, ए नोडचा पीडीयू ए च्याच यूपीएसवर लागणार ना? यूपीएस मेला की पीडीयूही मेला, मग बीला उत्तर कोण देणार? दोन पॉवर सप्लाय असते आणि ते दोन यूपीएसवर वाटलेले असते तर गोष्ट वेगळी. हे मी त्याला तीनदा समजावलं. त्यानं कोटेशन पाठवलं.

उपाय स्वस्तात झाला: एसबीडी, म्हणजे छोट्या सामायिक डिस्कवरून फेन्सिंग. अकाउंट्समधला जुना डेस्कटॉप घेतला, त्याला वेगळा छोटा यूपीएस दिला आणि त्यावरून आयस्कझीनं (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) इवलीशी डिस्क दोन्ही नोडना दिली. यात डेटा नसतो, काही एमबी पुरतात. समोरचा गप्प झाला की बी त्या डिस्कवर त्याच्या नावानं 'मर' असं लिहितो. तो जिवंत असेल तर वाचून स्वतःच रीसेट होतो. अडकला असेल तर हार्डवेअर वॉचडॉग (वेळेत हाक आली नाही की सर्व्हर रीसेट करणारा टायमर) त्याला पाडतो. वीजच नसेल तर प्रश्नच नाही. ठरलेला वेळ थांबून बी पुढे जातो, कुणाच्या उत्तराची वाट बघत नाही. रविवारी ए ची पिन उपटून बघितली. चाललं. डेस्कटॉप एकटा बंद पडला तरी दोन्ही नोड एकमेकांना दिसतायत तोवर काम थांबत नाही, तेही बघितलं.

सुखद धक्का रीसिंकचा. ए परत आल्यावर मला वाटलं, आता रात्रभर अख्खी डिस्क कॉपी होत बसणार. पण डीआरबीडी बदललेल्या ब्लॉक्सची नोंद ठेवतं, तेवढेच पाठवले. चहा येईपर्यंत दोन्हीकडे अपटूडेट.

बारीक कटकट: मूळ लिनक्स कर्नलमध्ये आहे ते डीआरबीडी 8.4. नव्या आवृत्तीचं, नऊचं मोड्यूल बाहेरून घ्यावं लागतं, म्हणून कर्नल अपडेट करताना मी आधी बी वर करून बघतो. आणि या क्लस्टरला बॅकअप समजू नका. एकीकडे टेबल उडवलं की दुसरीकडेही त्याच क्षणी उडतं. 2019 च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, ते आठवलं की दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत असण्याचा अर्थ कळतो. डेटाबेसची रोजची डंप (पूर्ण प्रत) कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसात जाते.

क्लस्टर ठेवतोय. एएमसी नाही. नूतनीकरणाचा मेल आलाय, सोबत पीडीयूचं कोटेशन आहेच, या वेळी दहा टक्के सवलतीत.