मुंबईच्या उन्हासाठी काय घ्यावं: सुती सदरा, यूपीएफचं जॅकेट की काळी छत्री?

मार्च उजाडला की दादर असो, ठाणे असो, स्टेशनाबाहेर लांब सुट्या बाह्या, तोंडाला गुंडाळायचे स्कार्फ आणि पातळ जॅकेटं टांगलेली दिसायला लागतात. ऑनलाइन तशाच वस्तूंवर ‘यूपीएफ ५०+’ असा शिक्का असतो (कापड उन्हातले अतिनील किरण किती अडवतं, त्याचा हा आकडा) आणि किंमत कितीतरी पट. घरातली मोठी माणसं म्हणतात, सुती घाल, पांढरं घाल, बाकी काही लागत नाही. ज्याला रोज उन्हातून जावं लागतं त्याने यातलं नेमकं काय घ्यायचं? माझं मत आधीच सांगून टाकते: मुंबईत ही निवड लेबल बघून करू नका. उन्हात तुम्ही चालता, एका जागी उभे राहता की दुचाकीवर असता, ते आधी बघा.

ऊन दोन वेगळ्या वाटांनी त्रास देतं, म्हणून असं म्हणते. अतिनील किरण म्हणजे सूर्याच्या ऊर्जेतला जेमतेम ५ टक्के भाग. ते अंगाला जाणवत नाहीत, पण त्वचा रापते, वांग उमटतात आणि वाढतात ते मुख्यतः त्यांच्यामुळे. बाकीचा दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरण अंग तापवतात. एक अडवणारं कापड दुसऱ्याच्या बाबतीत तापदायक ठरू शकतं. त्यात मुंबईची दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, आणि अंग थंड होतं ते घाम वाळल्यावर, नुसता आल्यावर नाही. हवामान खातंही सपाट प्रदेशात ४० अंश गाठल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उघड्यावर बसलेल्या गर्दीतली दहाहून अधिक माणसं उष्माघाताने गेली. त्यांच्या कपड्यांचं यूपीएफ किती होतं हा प्रश्नच तिथे गैरलागू होता. त्यांना सावली हवी होती.

आकड्याचा अर्थ

यूपीएफ ५० म्हणजे कापडावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी पन्नासावा हिस्सा, म्हणजे २ टक्के आत जातो. हे मोजण्याचं पहिलं प्रमाण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९९६ मध्ये ठरवलं. साधा पांढरा सुती टी-शर्ट यात ५ ते ७ च्या आसपास असतो आणि घामाने भिजला की त्याहूनही खाली येतो, कारण धाग्यांमध्ये पाणी भरलं की किरण विखुरण्याऐवजी सरळ आत शिरतात. जाड डेनिमचा आकडा शेकड्यांत जातो, पण मे महिन्यात दुपारी डेनिमचं जॅकेट कोण घालणार?

यात एक गणित फार कामाचं आहे. कापडाच्या विणीत ५ टक्के जागा उघडी असेल, तर धागा कितीही चांगला असो, यूपीएफ २० च्या वर जाऊच शकत नाही. भोकांतून किरण सरळ आत येतात. त्यामुळे झिरझिरीत मलमल, विरळ लिनन, जाळीदार स्पोर्ट्स टी-शर्ट यांच्याकडून मोठ्या संरक्षणाची अपेक्षाच धरू नका.

मंगलदास मार्केटमध्ये किंवा हिंदमाताला कापड घ्यायला गेलात की मोबाइलचा टॉर्च लावा आणि कापडाचा एक पदर त्यावर धरा. प्रकाशाचे सुटे सुटे टिपके दिसले तर वीण विरळ आहे. नुसता मंद, एकसारखा उजेड आला तर वीण दाट. मग तेच कापड दोन्ही हातांनी हलकं ताणून पुन्हा बघा, कारण कोपरावर आणि खांद्यावर ते तसंच ताणलं जाणार असतं. टॉर्चच्या उजेडात अतिनील किरण दिसत नाहीत, तेव्हा ही काही प्रयोगशाळेतली चाचणी झाली नाही, पण वाईट कापड बाजूला काढायला एवढी पुरते.

सुती की पॉलिस्टर

इथे मला मोठ्या माणसांची बाजू अर्धीच पटते. सुती घाल, हे बरोबर. पांढरं घाल, हे तितकं नाही. ब्लीच केलेला पांढराशुभ्र कापूस अतिनील किरणांना बऱ्यापैकी वाट देतो. कापसाच्या मूळ पिवळसर रंगद्रव्यांमध्ये ते शोषण्याची थोडी ताकद असते, ती ब्लीचमध्ये निघून जाते. म्हणून कोरं मांजरपाट त्याच जाडीच्या शुभ्र कापडापेक्षा या कामी सरस. गडद रंगही किरण जास्त शोषतात. मग गडद कपड्यात उकडणार नाही का? कपडा अंगाला चिकटलेला असेल तर नक्की उकडेल. सैल असेल तर फरक बराच कमी होतो. इस्रायलच्या वाळवंटात बेदुइन या भटक्या अरबांच्या काळ्या आणि पांढऱ्या झग्यांची तुलना झाली होती, ती १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आली. काळा झगा जास्त तापत होता, पण वाढलेली उष्णता त्वचेपर्यंत पोचायच्या आत झग्यातून खेळणारी हवा ती घेऊन जात होती. मुंबईला ते वाळवंट जसंच्या तसं लागू होत नाही, पण सैलपणाचा मुद्दा इथेही खरा आहे, विशेषतः खारा वारा सुटतो तेव्हा.

पॉलिस्टरची रासायनिक घडणच अशी आहे की ते अतिनील किरणांचा मोठा हिस्सा स्वतः शोषून घेतं. त्यामुळे पातळ पॉलिस्टरलाही मोठा आकडा गाठता येतो आणि तो धुण्याने सहसा घसरत नाही. पाणी मात्र ते धरत नाही. सामान्य हवेत कापूस वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. वारा असेल तर हा गुणच आहे, कारण घाम कापडावर पसरून चटकन वाळतो. वारा नसेल, तुम्ही सिग्नलला किंवा बसच्या रांगेत असाल, तर घाम अंगावरून नुसता ओघळतो. शिवाय पॉलिस्टरला घामाचा वास चिकटून राहतो, तो धुऊनही पूर्ण जात नाही. संध्याकाळी सहाच्या विरार लोकलने घरी जाणाऱ्याने याचा विचार करायलाच हवा.

म्हणून चालणाऱ्या, उभं राहणाऱ्या माणसासाठी माझी निवड: दाट विणीच्या पॉपलिनचा सैल, पूर्ण बाहीचा, कॉलर असलेला सदरा किंवा कुर्ता. रंग मध्यम ते गडद. नवीन कपडा दोन-तीनदा धुऊन घ्या. सुती कापड आटतं, वीण आवळते आणि संरक्षण वाढतं. दुचाकीवर फिरणाऱ्यासाठी पॉलिस्टरचं पातळ, सैल जॅकेट सुतीपेक्षा सरस, कारण तिथे वारा सतत मिळतो.

सुट्या बाह्या

डिलिव्हरीच्या मुलांच्या हातावर त्या सर्रास दिसतात. गाडी चालवताना हँडलवरचे हात सतत उन्हात असतात, तेव्हा गरज खरी आहे. पण एखाद्याने बाही काढली की नीट बघा. दंडावर रबराचा लाल वळ असतो आणि मनगटाच्या पुढे हाताची मागची बाजू काळवंडलेली, कारण बाही तिथे संपते. कोपरावर कापड इतकं ताणलेलं असतं की आतली त्वचा दिसते, आणि जिथे त्वचा दिसते तिथे किरणही पोचतात. घ्यायच्याच असतील तर एक माप मोठ्या घ्या, अंगठ्यासाठी भोक असलेल्या घ्या. ‘आइस’, ‘कूल’ अशा शब्दांना फार भुलू नका. ते कापड हात लावल्यावर गार लागतं ते त्वचेतली ऊब झटकन ओढून घेतं म्हणून, आणि कापड अंगाच्या तापमानाला आलं की तो गारवा संपतो.

छत्री

पावसाळ्यासाठी घरात असलेली काळी छत्री हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पर्याय आहे. साधी काळी छत्री तिच्यावर थेट पडणारे ९० टक्क्यांहून जास्त अतिनील किरण अडवते आणि डोक्यावरचं तापवणारं ऊनही रोखते. कपड्याला ही दोन्ही कामं एकदम जमत नाहीत. मुंबई साधारण १९ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो. तोही घड्याळात बारा वाजता नव्हे, तर साडेबारा-पाऊणच्या सुमारास. ऊन असं उभं पडतं तेव्हा छत्रीची सावली पुरेपूर अंगावर पडते.

तिचीही मर्यादा आहे. अतिनील किरणांचा मोठा भाग आकाशातून सगळ्या दिशांनी विखरून येतो, तो छत्रीच्या कडेखालून पोचतोच. जुहूच्या वाळूत वाळूवरूनही साधारण १५ टक्के परत उसळतात. म्हणून छत्री पूर्ण बाहीच्या कपड्यांसोबत वापरा, त्यांच्याऐवजी नको. आणि ज्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात, त्याला ती उपयोगाची नाही. त्याला चारही बाजूंनी रुंद काठाची टोपी हवी. नुसत्या पुढच्या झापेच्या टोपीत कान आणि मान उघडी राहतात.

पाण्याची बंडी

भिजवून घालायची गारवा देणारी बंडी नागपूरच्या कोरड्या उन्हात काम करते. मुंबईत नको, कारण इथे पाणी पुरेसं वाळत नाही. बर्फाच्या किंवा वितळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाच्या पिशव्या असलेली बंडी दमट हवेतही चालते, पण ती जड असते आणि काही तासांत पिशव्या पुन्हा गोठवाव्या लागतात. भट्टीजवळच्या, बॉयलरजवळच्या कामगारासाठी मालकाने ती जरूर घ्यावी.

आकडा कुणासाठी अत्यावश्यक

ल्युपससारखा उन्हाने बळावणारा आजार असेल, डॉक्सिसायक्लिनसारखं त्वचा उन्हाला हळवी करणारं औषध चालू असेल किंवा त्वचेच्या डॉक्टरांनी वांगासाठी ऊन टाळायला सांगितलं असेल, तर टॉर्चच्या अंदाजावर विसंबू नका. अशांनी यूपीएफ ५०+ चे पैसे खुशाल मोजावेत. मात्र विक्रेत्याला विचारा की चाचणी कोणत्या प्रमाणानुसार झाली आणि तिचा अहवाल आहे का. प्रमाणाचं नाव सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघा. मोठ्या संख्येने गणवेश शिवून घेणाऱ्या संस्थेने तर स्वतःच कापड तपासून घ्यावं. १९५४ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, म्हणजे बीट्रा, घाटकोपरलाच आहे आणि कापडाची तपासणी हे तिचं रोजचं काम आहे. नमुना देताना एक न धुतलेला आणि एक वापरून, धुऊन झालेला, असे दोन तुकडे द्या.