अपघातानंतर आठ महिने: माझी झेन, विमा आणि सातशे रुपयांची आयडीव्ही

हे मी ऑगस्टमध्येच लिहायला घेतलं होतं. तेव्हा रागात अर्धं पान खरडलं, त्यातला निम्मा मजकूर आज काढून टाकतेय, कारण विमा कंपनीने नुकसान मोजायला पाठवलेल्या सर्व्हेअरबद्दलचं माझं मत नंतर पूर्ण बदललं. राग गेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला.

गाडी: मारुती झेन, डिसेंबर २००५ ची, म्हणजे २००३ नंतरच्या बदललेल्या चेहऱ्याची. रंग सिल्की सिल्व्हर. माझ्या पगारातून हप्ते फेडून घेतलेली पहिली आणि एकमेव गाडी. मुलीला हिच्यातूनच दवाखान्यातून घरी आणलं. ९९३ सीसीचं ते चार सिलिंडरचं इंजिन आजही सिग्नलला उभं असताना चालू आहे की बंद, ते कानाने कळत नाही. २०२० ला आरसी रिन्यू केली तेव्हा सगळ्यांनी विकायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

अपघात गेल्या जुलैतला. संध्याकाळ, भुरभुर पाऊस, कात्रजच्या नवीन बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार. पुण्यात राहणाऱ्यांना या उताराबद्दल वेगळं सांगायला नको. पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, मीही मारला, चाकं जाम झाली आणि गाडी घसरत जाऊन टेम्पोच्या मागच्या लोखंडी आडव्या बारवर आदळली. बॉनेट मधोमध तंबूसारखं वर आलं, रेडिएटरचं हिरवं पाणी रस्त्यावर. मला पट्ट्याचा वळ सोडून काही झालं नाही. टेम्पोला ओरखडाही नव्हता, त्याचा ड्रायव्हर खाली उतरला आणि पहिलं वाक्य बोलला, "ताई, आधी गाडीतून बाहेर या, मागून ट्रक न्यूट्रलमध्ये येतात." त्याने मला कठड्याच्या पलीकडे उभं केलं. त्याचं नावही मी विचारलं नाही, याची रुखरुख आहे.

दहा मिनिटांत कुठूनशी क्रेन हजर. साडेचार हजार म्हणाला, अठ्ठावीसशेवर आला. पॉलिसीत टोइंगचे जास्तीत जास्त १,५०० मिळतात हे तेव्हा माहीत नव्हतं. गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला नेली, कारण कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने परस्पर बिल भरायची सोय, तिथेच होतं. ही माझी दुसरी चूक.

पहिली चूक अपघाताच्या आधीच, पॉलिसी रिन्यू करताना झाली होती, आणि हे सगळं मी त्या एका चुकीसाठी लिहितेय.

आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची आयडीव्ही ठरलेल्या घसाऱ्याने, म्हणजे वयानुसार किंमत घटवून, काढतात. त्यानंतर ती विमा कंपनी आणि आपण मिळून ठरवतो. म्हणजे रिन्यू करताना स्क्रीनवर ती जी पट्टी सरकवायला देतात, ती गंमत नसते. मला ५५,००० ते ९०,००० असं दिसत होतं. जुन्या गाडीला कशाला जास्त, म्हणून दरवर्षी मी ती डावीकडे शेवटपर्यंत ओढायची. ५५,००० ला ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम माझ्या ५० टक्के नो क्लेम बोनसनंतर (क्लेम न घेतल्याबद्दलची सूट) ९३५ रुपये. ९०,००० ला १,५३० झाला असता. जीएसटी धरून सातशे रुपये वाचवले. महिन्याला साठ रुपयेसुद्धा नाहीत! एवढ्यात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर तीन वडापाव आणि चहा येतो.

वर्कशॉपचं एस्टिमेट आलं ७२,०००. काउंटरवरच्या मुलाने आयडीव्ही बघितली आणि सरळ म्हणाला, "मॅडम, टोटल लॉस आहे. आरसी जमा करा, पैसे खात्यात येतील." दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी संपली असं धरतात. ५५,००० चे ७५ टक्के म्हणजे ४१,२५०. एक हजार एक्सेस (क्लेममधला आपण सोसायचा ठरलेला वाटा) कापून ५४,००० मिळणार होते. गाडी ठेवायची असेल तर भंगाराची बोली २४,००० लागली होती, ती वजा होऊन ३० हजार हातात, आणि पॉलिसी तिथेच बंद.

घरी मुलगी म्हणाली, "आई, घेऊन टाक ना ५४ हजार." तिचं बरोबर होतं, हिशेबाने. मी त्या रात्री पॉलिसीचं बारीक अक्षरातलं पुस्तक पहिल्यांदा वाचलं. त्या ७५ टक्क्यांच्या वाक्यातच लिहिलंय की खर्च 'पॉलिसीच्या अटींना अधीन राहून' मोजायचा. अटींमध्ये घसारा आलाच: दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या पार्टवर ५० टक्के, प्लास्टिक आणि रबरावर कुठल्याही वयात ५० टक्के, काचेवर शून्य, आणि पेंटिंगच्या बिलात एक चतुर्थांश माल धरून त्याच्या निम्मे कापतात. मजुरीवर घसारा नाही. मग ७२,००० ची तुलना ४१,२५० शी कशी?

हाच प्रश्न मी सर्व्हेअरला विचारला. इथपर्यंत मी त्यांना खलनायक समजत होते, कारण फोन उचलत नव्हते. ते आले तेव्हा आधी टॉर्च तोंडात धरून इंजिनामागच्या पत्र्यावरचा चेसिस नंबर पुसला, त्यावर कागदाची पट्टी ठेवली आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासली. एकेक आकडा उमटत गेला. लहानपणी आपण नाण्याचा ठसा घ्यायचो, तसा. एकोणीस वर्षांत मी तो नंबर कधी बघितला नव्हता. मग तिथेच वहीवर मांडून दाखवलं: पार्ट ४६,००० चे निम्मे २३,०००, मजुरी ११,००० पूर्ण, पेंटिंग १५,००० मधून १,८७५ वजा. एकूण ४७,१२५. "घसारा कापूनही वर जातंय, मॅडम. इथल्या दरात नाही बसणार. दुसऱ्या गॅरेजचं एस्टिमेट आणा, मी तेही बघेन. पण बिलं पक्की पाहिजेत आणि जुने पार्ट फेकू नका, री-इन्स्पेक्शनला लागतील."

एवढं त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी सांगितलं.

आयडीव्ही ९०,००० असती तर मर्यादा ६७,५०० झाली असती आणि ४७,१२५ त्यात आरामात बसले असते. कॅशलेस, त्याच वर्कशॉपला, एकही फेरी न मारता. सातशे रुपये.

आमच्या कर्वेनगरच्या गॅरेजवाल्या दादांनी ५२,००० चं एस्टिमेट दिलं. पार्ट ३४,००० चे निम्मे १७,०००, मजुरी ८,०००, पेंटिंग १०,००० मधून १,२५० वजा. ३३,७५०, म्हणजे बसलं. तरी विमा कंपनीच्या फोनवरची मंडळी तीन वेळा "सिस्टीममध्ये टोटल लॉस आहे" म्हणाली. मी तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला, सर्व्हेअरचा हिशेब जोडला आणि शेवटी लिहिलं की महिन्याभरात उत्तर आलं नाही तर नारायण पेठेत विमा लोकपालाच्या कार्यालयात येईन. तिथे तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. सहाव्या दिवशी सिस्टीम बदलली.

वर्कशॉपने मात्र गाडी सोडताना पार्किंग आणि एस्टिमेट चार्ज म्हणून ३,००० घेतले. गाडी आत घेताना याबद्दल अवाक्षर नाही. माझा राग आता तिथे आहे.

पार्ट मिळवणं हे वेगळं काम. झेनचं उत्पादन २००६ मध्ये थांबलं, त्यात २००३ आधीचे हेडलॅम्प हिला बसत नाहीत. बॉनेट, बंपर, उजवा लॅम्प, रेडिएटर दादांनी नाना पेठ पिंजून पक्क्या बिलावर आणले. डावा लॅम्प काही मिळेना. शेवटी मुंबईत कुर्ल्याला भंगारात मिळाला, १,४०० रुपये, बिल नाही, म्हणून क्लेममध्ये नाही.

वहीतला शेवटचा आकडा: गॅरेज ५२,०००, क्रेन २,८००, वर्कशॉपपासून गॅरेजपर्यंत दुसरं टोइंग १,२००, वर्कशॉप ३,०००, लॅम्प १,४००. मिळून ६०,४००. विम्याचे आले ३२,७५० (३३,७५० मधून एक हजार एक्सेस वजा) आणि टोइंगचे १,५००, बिलं दिल्यापासून एक्केचाळीसाव्या दिवशी. माझ्या खिशातून २६,१५० गेले.

आता गाडीबद्दल. सप्टेंबरपासून चार हजार किलोमीटर झाले, त्यात दोन वेळा सातारा. तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या खालीच असतो, पाणी घटत नाही, ॲव्हरेज पूर्वीइतकंच, पंधराच्या आसपास. बॉनेटची डावी फट उजवीपेक्षा जरा रुंद आहे, दोन नाणी उभी राहतील एवढी. सावलीत रंग जुळलेला दिसतो, दुपारच्या उन्हात बंपर वेगळा पडतो. सिल्व्हरचं असंच असतं, म्हणाले दादा, त्यातले चमकीचे कण प्लास्टिकवर वेगळे बसतात. पहिले दोन महिने मी रोज ते बघायची. आता नाही बघत. डाव्या लॅम्पची काच जुनी असल्यामुळे रात्री त्या बाजूचा उजेड पिवळट पडतो, ते मात्र खटकतं, विशेषतः पावसात. ब्रेकचे पॅड आणि पुढचे दोन टायर मी स्वतःहून बदलले, तो खर्च वर धरलेला नाही. त्या उतारावर आता दुसऱ्या गिअरमध्ये येते आणि पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवते की मधे नेहमी कोणीतरी घुसतं. घुसू दे.

डिसेंबरात रिन्यू करताना बोनस शून्य झालेला होता. आयडीव्ही वाढवून मागितली तर आधी नाही म्हणाले, मी दुरुस्तीची बिलं पाठवली, त्यांचा माणूस येऊन फोटो काढून गेला आणि ८५,००० मान्य झाली. ओन डॅमेजचे २,८९० आणि थर्ड पार्टीचे २,०९४, वर जीएसटी. भरताना हात अडखळला नाही.

यंदा डिसेंबरात आरसी पुन्हा संपतेय. फिटनेसला नेताना दोन्ही लॅम्प सारखे असावेत म्हणून दादांना सांगून ठेवलं होतं. काल त्यांचा फोन आला, "ताई, डावा मिळालाय, नवा, डब्यातला. पाडव्याच्या आधी गाडी टाकून जा."