हिपॅटायटिस सी चे मोफत सरकारी उपचार : सेवा उत्तम, पाठपुरावा अपुरा

हिपॅटायटिस सी या रक्तातून पसरणाऱ्या, यकृताच्या विषाणूजन्य आजाराचे निदान आणि औषधोपचार सरकारी रुग्णालयात मोफत होतात, हे आमच्या राजापूर तालुक्यात अजून पुष्कळांना ठाऊक नाही. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली ही सेवा मिळते आणि काकींच्या आजारपणात ती आम्ही जवळून पाहिली. उपचारांना मी निःसंकोच पूर्ण गुण देईन. पाठपुराव्याला देता येणार नाहीत.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी एका खासगी प्रयोगशाळेत काकींची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि 'हिपॅटायटिस सी आहे' एवढे सांगून अहवाल हातात देण्यात आला. वास्तविक ती चाचणी प्रतिपिंडे (विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने) शोधते, विषाणू नव्हे. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू उपचारांविना निघून जातो, तरीही प्रतिपिंडे राहतात. हा फरक सरकारी डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत समजावला आणि व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे हे मोजण्यासाठी, रक्त घेतले. विषाणू सापडल्यावरही त्यांनी औषधांची घाई केली नाही. रक्तातील एसजीओटी (यकृताला इजा झाल्यास वाढणारे एन्झाइम) आणि प्लेटलेटच्या आकड्यांवरून यकृताची अवस्था जोखली, सोनोग्राफी केली आणि हिपॅटायटिस बी ही तपासला, कारण सी चे उपचार चालू असताना दबलेला बी उसळू शकतो. काकींच्या पिशवीतल्या हृदयाच्या गोळ्यांची एकेक पट्टी काढून त्यांनी नावे वाचली. अमिओडॅरोन हे हृदयाच्या ठोक्यांचे औषध चालू असताना हिपॅटायटिस सी चे सोफोसबुव्हिर दिल्यास ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. इतकी दक्षता पैसे मोजूनही सहसा मिळत नाही.

सिरॉसिस (यकृत कायमचे घट्ट व निकामी होत जाणे) नसल्यामुळे सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर यांची रोज एकेक गोळी, १२ आठवडे, असा उपचार ठरला. काकी त्या सकाळच्या पेजेनंतर घेत आणि अधूनमधून डोके दुखण्यापलीकडे त्यांना त्रास झाला नाही. या औषधांनी ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. वाडीतल्या काहींनी काविळीचा झाडपाला सुचवला होता. पण हा आजार बहुधा कावीळ न दाखवताच वर्षानुवर्षे यकृत पोखरतो. म्हणूनच पूर्वी कधी रक्त चढवलेल्यांनी आणि डायलिसिसवर असलेल्यांनी लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

समुपदेशक ताईंनी घरच्यांना बसवून सांगितले की ताट-वाटी वेगळी करण्याचे कारण नाही, रेझर आणि टूथब्रश मात्र ज्याचा त्याचा हवा. या विषाणूवर लस नाही, त्यामुळे जत्रेत गोंदवून घेताना सुई नवी आहे का हे पाहणे, दाढीच्या दुकानात नवे ब्लेड मागणे, एवढेच आपल्या हाती उरते. तो संवाद मला फार मोलाचा वाटला, कारण तोवर काकी स्वतःहून वेगळ्या पाटावर जेवायला बसू लागल्या होत्या.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. व्हायरल लोडच्या अहवालाला फार वेळ लागला. औषधे महिन्यापुरतीच आणि जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळाली. घाटाच्या पायथ्याच्या वाडीतून एसटीने येणाऱ्याचा पूर्ण दिवस, म्हणजे मजुरी, त्यात जाते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढच्या गोळ्या देणे अशक्य नसावे. सर्वांत गंभीर बाब म्हणजे उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी व्हायरल लोड पुन्हा तपासल्याखेरीज रुग्ण बरा झाला असे म्हणता येत नाही, आणि त्या तपासणीसाठी आम्हाला कोणी बोलावले नाही. आम्ही तारीख लिहून ठेवली होती म्हणून गेलो, आणि विषाणू न आढळल्याचा अहवाल मिळाला. ही तारीख पहिल्या दिवशीच केसपेपरवर ठळक लिहून दिली जावी.